पाण्याचा आकडा

रबाळे, शेड नंबर नऊ, दुपारचे पावणेतीन.
वागळे इस्टेटमधली कुठलीशी रंगांची कंपनी बंद पडली,
तिथून भंगाराच्या भावात उचललेला हीट एक्स्चेंजर
लाकडी ठोकळ्यांवर आडवा.
हिराजी मढवी त्याची पितळी पाटी चिंचेच्या कोळाने घासतायत,
समई घासावी तशी, कानाकोपऱ्यातून.

हळूहळू अक्षरं वर आली.
तेलाची विशिष्ट उष्माधारकता ०.५२,
ब्रिटिश थर्मल युनिट,
दर पौंडाला, दर अंश फॅरनहाइटला.

फॉर्मवर सगळं मेट्रिकमध्ये हवं.
मी शिकाऊ, सहाव्या महिन्यातली.
वही पिंपावर टेकवली
आणि आधी बत्तीस वजा केले.

"बत्तीस कशाला?" मागून वैजयंती मॅडम.
"तापमान विचारलंय का कुणी?
किती चढलं तेवढंच बघायचं.
कुठून चढायला लागलं, ते नाही."

खोडलं.

एका युनिटच्या दोनशे बावन्न कॅलरी.
एका पौंडाचे चारशे त्रेपन्न पूर्णांक सहा ग्रॅम.
फॅरनहाइटचा एक अंश म्हणजे सेल्सिअसचे पाच नवमांश.
गुणलं, भागलं,
घाम टपकून सहाचा आठ झाला, पुन्हा मांडलं.
उत्तर ०.५२.

परत केलं.
०.५२.

"काय गो," हिराजी म्हणाले,
"बेलापूरला जाते सांगून बसमंदी बसलीस
नि उतरलीस रबाल्यालाच?"

मॅडम हसल्या नाहीत.
त्यांनी आपली पाण्याची बाटली वहीवर ठेवली.
कुणीतरी तिकडे पौंडभर पाणी घेतलं,
आपल्या अंशाने एक अंश तापवलं,
लागली तेवढ्या उष्णतेला नाव दिलं.
दुसऱ्या कुणी ग्रॅमभर घेतलं, आपल्या अंशाने तापवलं,
त्यानेही नाव दिलं.
दोघांचं एकाच गोष्टीवर जमलं:
पाणी म्हणजे एक.
मग तेल पाण्याच्या निम्म्याहून जरासं जास्त,
लोखंड नवव्या हिश्श्याच्या आसपास,
काटा कुठल्याही मुलखातला असो.

"आता ज्यूलमध्ये कर," त्या म्हणाल्या,
"चार पूर्णांक एक आठ सहा आठने गुण."
केलं. २.१७७.
तिथे पाणीसुद्धा एक राहत नाही,
चारच्या वर कुठेतरी जाऊन बसतं,
आणि शेजारी बाकी सगळे
आपापल्या दशांशांत.
बाटलीखालचं पान ओलं होऊन
माझी पहिली बेरीज फुगली होती.

हिराजींनी फडकं पिळलं.
"आमचं घनसोलीचं चौसष्ट गुंठं गेलं,"
तेलाचाच विषय पुढे चालू असल्यासारखे म्हणाले,
"भाताचं. खाडीच्या बाजूचं.
परत आलं ते साडेबारा टक्के,
आलं तेबी चौरस मीटरात.
आई म्हनायची, मीटरचं गुंठं कर नि सांग.
मी केलं. आठ.
मग मास्तरकडं गेली. आठ.
तलाठ्याच्या पोराकडं गेली, त्याचंबी आठ.
तिला वाटायचं, आम्ही समदे गनितात कच्चे.
मरेपरेंत दर सोमवारी माझ्याकडून मांडून घ्यायची,
नि आकडा ऐकला की
पाटावरून उठून मीठ मोजायला जायची."

कॉम्प्रेसर सुरू झाला, मग बोलणं ऐकू येईना.
मी फॉर्मवर लिहिलं, २.१७७,
खाली एकक, खाली सही.

संध्याकाळी ॲल्युमिनियमची नवी पाटी आली,
खिळे ठोकून बसवायची.
जुनी काढून भंगारात टाका, असा निरोप होता ऑफिसचा.
हिराजींनी पान्हा मागितला,
आणि चारही स्क्रू
उलट आणखी आवळले.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले,
"तिचा आकडा बरोबर हाय."